बुटांची साक्ष

माणसाने चांगला नवा गुडघा बसवून घ्यावा, तो खुर्चीत ठेवावा आणि दिवसभर दुसऱ्यांनी डोंगर चढलेले सिनेमे बघावेत, याला काय म्हणायचं हे बूटवाल्या बाईला कळत नव्हतं. एखादी गोष्ट आपल्याला कळत नाही, असं तिच्या बाबतीत वर्षातून एखाद्या वेळेसच व्हायचं. त्यामुळे दुकानात येईल त्याला ती सांगत होती. टाच बसवायला आलेल्याला सांगितलं, चेन बदलायला आलेल्या मास्तरणीला सांगितलं, नुसता पत्ता विचारायला डोकावलेल्यालाही उभं करून सांगितलं.

नवरा टपालवाला. छत्तीस वर्षं त्याने या भागात पायी टपाल वाटलं. खात्याने सायकल दिली होती, ती त्याने जिन्याखाली उभी करून ठेवली. चढण्या-उतरण्यात जेवढा वेळ जातो तेवढ्यात माझी दोन घरं होतात, असं त्याचं म्हणणं. दर चार महिन्यांनी त्याच्या बुटांना नवे सोल लागायचे आणि ते बाई लावायची. लावताना म्हणायची, तुम्ही जेवता कमी आणि सोल खाता जास्त. तो निवृत्त झाला तेव्हा तिने हुश्श केलं. दोनच वर्षांत डावा गुडघा गेला. हाडावर हाड घासतंय म्हणून डॉक्टरने तो काढून नवा बसवला आणि घरी सोडताना मोजून सांगितलं: सहा आठवड्यांत हा गुडघा खुर्चीच्या कोपऱ्याइतका, म्हणजे नव्वद अंशांत वाकला पाहिजे. नाही वाकला तर पुन्हा भूल देऊन जोर लावून वाकवावा लागेल.

‘जोर लावून’ हे शब्द बाईने डॉक्टरला पुन्हा म्हणायला लावले. आखडलेलं चामडं जोर लावून वाकवलं की त्याचं काय होतं, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

तिने घरी येऊन पहिलं काम केलं ते म्हणजे त्याच्या जुन्या तपकिरी बुटांना नवे सोल लावले. बारीक खाचांचे, निसरड्यावर धरून ठेवणारे. बूट दाराबाहेरच्या फळीवर ठेवले आणि सांगितलं की उद्यापासून रोज तासभर खाली रस्त्यावर चालायचं. घर ते दुकान दोनशे दहा पावलं, ती सावकाश घातली तरी चालतील. तो ‘बघू’ म्हणाला. हा शब्द त्याने लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून वापरला होता आणि त्याचा अर्थ बाईला चांगला ठाऊक होता.

सिनेमे लेकीने लावून दिले. बाबांचा वेळ जात नाही, म्हणून तिने टीव्हीत काहीतरी जोडलं आणि त्यातून एकामागून एक हे चालणारे लोक घरात यायला लागले. कुणी बर्फातून, कुणी वाळवंटातून, कुणी चार महिने जंगलातून. पाठीवर कपाटाएवढी पिशवी आणि तोंडाला कुलूप. दुकान बंद असायचं त्या दिवशी बाईने सलग तीन सिनेमे बघितले, शत्रूची चाल नीट बघून घ्यावी तसे. तिचं मत तिथल्या तिथे तयार झालं. माणूस म्हणे एकटा चाललाय, मग त्याच्या पुढे उलटा चालत त्याचं चित्र कोण काढतंय, आणि त्या बिचाऱ्याचे पाय कुणी दाखवत का नाही. सहाशे मैल चालून बुटाची टाच खोक्यातून काढल्यासारखी कोरी. कपडे कुठे धुतो, तेही नाही. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे तिन्ही सिनेमांत बायको मेल्याशिवाय किंवा सोडून गेल्याशिवाय कुणी घराबाहेर पाऊल टाकलेलं नव्हतं.

‘‘तुम्ही काय मी जायची वाट बघताय का चालायला?’’ तिने विचारलं.

त्याने पडद्यावरची नजर हलवली नाही. ‘‘तू गेल्यावर सोल कोण लावणार?’’

बाई उठली. ती भांडी घासायला गेली आणि ती जरा आवाज करून घासली.

आता बाईची एक रीत होती. एखादं गिऱ्हाईक तक्रार घेऊन आलं, की मावशी, तुमचे सोल टिकत नाहीत, तर ती वाद घालायची नाही. सोलवर आडव्या दोन रेघा ओढायची पिवळ्या खडूने, एक टाचेवर, एक चवड्यावर, आणि म्हणायची, जा, चालून ये. टाचेवरची रेघ कुठे पुसली, चवड्यावरची कुठे राहिली, यावरून तो माणूस कुठे भार टाकतो ते तिला कळायचं. नुसता बूट उलटा करून तिने लोकांना सांगितलं होतं की तुम्ही दिवसभर उभ्याचं काम करता, तुमची कंबर डावीकडून दुखते, तुम्ही कुणाला तरी कडेवर घेऊन फिरता. शाळा तिने चौथीत सोडली होती. पण सोल ती वर्तमानपत्रासारखे वाचायची आणि त्याचा तिला तोरा होता.

तर तिने नवऱ्याच्या बुटांवरही रेघा ओढल्या. त्याला न सांगता. आणि रोज संध्याकाळी दुकानातून आल्यावर दारातच बूट उलटे करून बघायला लागली. रेघा जशाच्या तशा. मग आत येऊन विचारायची, चाललात का. तो म्हणायचा, चाललो. किती? तासभर. असे आठ दिवस गेले. बाई तोंडातल्या तोंडात आकडा धरत होती, आठ संध्याकाळी, आठ थापा.

व्यायाम शिकवणारी मुलगी दर मंगळवारी यायची. चुणचुणीत पोर. तीही आपले बूट दाराबाहेर काढून अनवाणी आत यायची, कारण या घरात बाईचा एक कायदा होता, बाहेरचं पायताण उंबऱ्याच्या आत येणार नाही. दिवसभर लोकांचे तळ मांडीवर घेणारीला त्या तळांना काय काय लागलेलं असतं ते माहीत होतं. कायद्याला अपवाद नव्हता. चालायची चौकट घेऊन आलेल्या दवाखान्याच्या माणसाला तिने दारात मोज्यांवर आणलं होतं. जावई पहिल्यांदा आला तेव्हा त्याने नवेकोरे बूट बाहेर काढले, त्यातला एक कुत्र्याने नेला, तरी कायदा बदलला नव्हता. जावई एका बुटावर घरी गेला.

त्या मंगळवारी मुलीने कोन मोजायची दोन पात्यांची प्लास्टिकची पट्टी गुडघ्याला लावली आणि वाचलं, अठ्ठ्याहत्तर. गेल्या वेळी पासष्ट होतं. मुलगी खूश झाली. काका, चालणं चालू ठेवा, असंच चालू दे म्हणाली. टपालवाला म्हणाला, रोज तासभर चालतो.

बाईच्या डोक्यात सणक गेली. ती दाराबाहेर गेली, बूट घेऊन आली आणि उंबऱ्याच्या अलीकडे न आणता हात लांब करून मुलीला दाखवले.

‘‘ही रेघ बघ. आठ दिवसांपूर्वीची आहे. हा माणूस दाराबाहेर पाऊल टाकत नाही आणि तुला तासभर सांगतो. माणूस खोटं बोलेल, बूट नाही बोलत.’’

मुलीने पट्टी पिशवीत ठेवली, पुन्हा काढली, पुन्हा ठेवली. टपालवाल्याने बुटांकडे बघितलं, मग बायकोकडे बघितलं. चाळीस वर्षांत तिने त्याला हट्टी म्हटलं होतं, बहिरा म्हटलं होतं, एकदा सासरच्या लोकांसमोर ओंडका म्हटलं होतं. ते सगळं त्याने टपालातल्या जाहिरातींसारखं बाजूला टाकलं होतं. पण छत्तीस वर्षं लोकांची न फोडलेली पाकिटं हातात घेऊन फिरलेल्या माणसाला खोटारडा कुणी म्हटलं नव्हतं. मुलगी गेल्यावर त्याने टीव्ही बंद केला.

पुढचा आठवडाभर टीव्ही बंदच होता. तो खिडकीशी बसून राहायचा. बाई म्हणाली, बरं झालं, मनाला लागलं वाटतं. संध्याकाळी ती बूट उलटे करायची, रेघा तशाच. चाललात का असं विचारलं की आता तो म्हणायचा, ‘‘नाही.’’ निदान खरं बोलायला लागला, असं तिने दुकानात सांगितलं. सांगताना मात्र तिला पहिल्यासारखी मजा आली नाही.

मंगळवारी पट्टी लागली आणि मुलीच्या कपाळाला आठी पडली. सत्तर. तिने पुन्हा मोजलं, पुन्हा सत्तर. सहा आठवडे भरायला नऊच दिवस राहिले होते. जाताना तिने बाईला दाराशी घेतलं आणि हळूच सांगितलं की काका काहीतरी करत होते ते त्यांनी बंद केलंय. बाई म्हणाली, ते काही करतच नव्हते.

‘‘काकू, खुर्चीत बसून कुणाचा गुडघा पासष्टाचा अठ्ठ्याहत्तर होत नाही,’’ मुलगी म्हणाली आणि बूट घालून निघून गेली.

बाई फळीवरच्या तपकिरी बुटांकडे बघत उभी राहिली. रेघा पिवळ्याधमक. बूट तर काही चुकीचं सांगत नव्हते.

दुसऱ्या दिवशी लेक दुकानात आली. बाबांच्या आजारपणात घरातलं धुणं ती बघत होती. तिने एक गाठोडं गल्ल्यावर ठेवलं आणि विचारलं, बाबा मोज्यांचं काय करतात, चार जोड फाटलेत, मी टाकून देत होते पण म्हटलं तुला दाखवावेत. बाईने एक मोजा हातात घेतला. मग दिवा खाली ओढला आणि चष्मा लावला. लेक बोलत होती ते तिला ऐकू येईना.

मोजा असा सोलसारखा तिने कधी वाचला नव्हता, पण पायाची लिपी तीच. उजव्या मोज्याचा तळ टाचेपासून चवड्यापर्यंत सारखा विरलेला, नीट चालणाऱ्याचा. डाव्याचा चवडा विरलेला, तोही आतल्या अंगाने, टाच टेकायला भिणाऱ्याचा. आणि डाव्याच्याच टाचेवर मागून पुढे एक लांबच लांब घासल्याचा पट्टा. खुर्चीत बसून पाय फरशीवरून मागे ओढल्याशिवाय असा पट्टा पडत नाही. हाच तो व्यायाम, मुलीने पहिल्या दिवशी शिकवलेला. चारही जोडांच्या चवड्यांना लाल रंग लागला होता. तो रंग बाईने ओळखला. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याचा गेरू, महिन्यापूर्वी तिनेच लावलेला.

म्हणजे माणूस चालत होता. घरात चालत होता. आणि घरात, तिच्या कायद्याने, बूट कुठून असणार.

लेकीने विचारलं, आई, काय झालं? बाईने मोजे गाठोड्यात बांधले, हातातली चामडं कापायची रापी पुसून खणात ठेवली आणि भर दुपारी दुकानाला कुलूप लावलं. लेक बघतच राहिली. बापाच्या ऑपरेशनच्या दिवशीसुद्धा हे दुकान अर्धा दिवस उघडं होतं.

घरी टपालवाला खिडकीशी होता. त्याने बायकोला अवेळी आलेलं बघितलं आणि पुन्हा बाहेर तोंड केलं. बाईने फळीवरचे बूट उचलले. ओलं फडकं घेतलं आणि रस्त्याला कधी न लागलेले ते सोल खडूच्या रेघांसकट पुसून काढले. मग ते बूट घेऊन ती उंबरा ओलांडून आत आली.

तेव्हा मात्र त्याने मान वळवली.

बाई त्याच्या पुढ्यात खाली बसली. गिऱ्हाइकांनाही ती आपापला पाय समोरच्या लाकडी घोडीवर ठेवायला लावायची, कुणाच्या पायाशी बसणाऱ्यातली ती नव्हती. तिने त्याचा डावा पाय सांभाळून बुटात घातला, बुटाची जीभ सरळ केली, नाडी ओढली. मग उजवा.

‘‘घरात चालत होतात, ते बोललात का नाही?’’

‘‘तू विचारलंस, चाललात का. मी म्हटलं, चाललो. कुठे, ते तू विचारलं नाहीस.’’

‘‘आणि बाहेर जायला काय धाड भरली होती?’’

त्याने एकदा खिडकीबाहेरच्या रस्त्याकडे बघितलं. मग तो जे म्हणाला ते असं, की या रस्त्यावर लोक त्याला बघून घड्याळं लावायचे. आता ही चौकट खडखडवत निघालो तर प्रत्येक दारात एक जण उभा राहणार, अरेरे करणार, कसं काय, दुखतं का फार, म्हणणार. जरा नीट पाय पडायला लागू दे, मग जाऊ. आणि ते सिनेमे त्याला आवडत होते ते डोंगरासाठी नाही. त्या डोंगरात कुणी भेटत नाही, चौकशी करायला. पडद्यावरचा चालला की तो उठून स्वयंपाकघरापासून खिडकीपर्यंत चालायचा, जाऊन-येऊन. पडद्यावरच्याने तंबू ठोकला की तो खुर्चीत बसून पाय मागे ओढायचा.

‘‘आणि त्याला बायको आठवते तेव्हा?’’ बाईने विचारलं.

‘‘तेव्हा मी पाणी पितो.’’

बाईच्या ओठाच्या कडेला काहीतरी हललं, ते तिने नाडीची गाठ घट्ट करण्यात घालवलं. चुकलं माझं, असं ती म्हणाली नाही. तसे शब्द तिच्या तोंडाला बसलेले नव्हते आणि ते ओढूनताणून आणले असते तर दोघांनाही कसंसंच झालं असतं. ती उठली, टीव्ही लावला आणि म्हणाली, कुठपर्यंत आला होतात? तो म्हणाला, तो दाढीवाला खिंडीच्या पायथ्याशी आहे. बाई म्हणाली, मग चला, आठ दिवस बिचारा थंडीत उभा आहे.

त्यानंतर सहा दिवस दुकान दुपारी दोन तास बंद राहिलं. गिऱ्हाइकं कुलूप बघून परत जायची आणि दुसऱ्या दिवशी विचारायची. बाई सांगायची, डोंगरात जाते. घरात टपालवाला पुढे आणि बाई एक हात त्याच्या पाठीपाशी धरून मागे, असे ते अकरा पावलं तिकडे आणि अकरा इकडे करायचे. तिची टीका चालूच होती. त्या बाईने पिशवीचा पट्टा सैल ठेवलाय, खांदा जाणार. हा नदीतून बूट घालून गेला, आता ते आखडणार. तुम्ही टाच टेका, त्याच्याकडे बघू नका, त्याला नवा गुडघा नाही. फरशीवर नव्या सोलांचे काळे फराटे उठले. ते ती रात्री स्वतः पुसायची आणि त्याबद्दल चकार शब्द काढायची नाही. त्यावरूनच टपालवाल्याला जे कळायचं ते कळलं होतं.

मंगळवारी मुलगी आली. बूट काढायला वाकली आणि आत काकांच्या पायात बूट बघून तशीच थांबली. पट्टी लागली, शहाऐंशी. ती काही बोलायच्या आत बाईने बोलून घेतलं. ‘‘त्या दिवशी ते बूट मी चुकीचे वाचले. तुझ्या वहीत तसं लिही.’’ मुलगी म्हणाली, वहीत नुसते आकडे लिहितात, काकू. बाई म्हणाली, मग आकड्याखाली लिही. टपालवाला पाणी प्यायला गेला. सिनेमात कुणालाही काही आठवलेलं नव्हतं.

दोन दिवसांनी दोघं डॉक्टरकडे गेली. त्याने पाय हातात घेतला आणि वाकवला. ब्याण्णव. भूल नको, जोर नको. मात्र आता घरात पुरे, बाहेर चढ-उताराला लागा, नाहीतर मिळवलेलं पुन्हा जाईल, असं त्याने बजावलं. टपालवाला ‘बघू’ म्हणाला. घरी आल्यावर बाईने बूट पुन्हा दाराबाहेर फळीवर ठेवले आणि फरशी स्वच्छ पुसून घेतली. रोज सकाळी निघताना ती बुटांवर खडूने रेघा ओढून जायची. या वेळी त्याच्या देखत.

चार दिवस रेघा तशाच राहिल्या. पाचव्या सकाळी बाई मास्तरणीच्या बुटाला टाके घालत होती. मास्तरणीच म्हणाली, अहो मावशी, ते बघा कोण. बाईने आरी न सोडता मान वर केली.

टपालवाला रस्त्याने येत होता. चौकट नव्हती, नुसती काठी. शिंप्याच्या दारात शिंपी बाहेर आला, काहीतरी बोलला, टपालवाल्याने काठी उचलून दाखवली. पुढे औषधवाल्याने अडवलं. मग वरच्या खिडकीतून एक म्हातारी ओरडून विचारायला लागली की पाय कसा आहे, आणि त्याने तिलाही थांबून उत्तर दिलं, पत्राची पोच दिल्यासारखं. दोनशे दहा पावलांना त्याने चांगला पाऊण तास लावला. तेवढ्या वेळात बाईने एकही टाका घातला नाही, पण हात मात्र टाका घालण्याच्या जागीच ठेवला.

तो आत आला, गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसला. कपाळावरचा घाम पुसला. मग बूट काढून दोन्ही गल्ल्यावर ठेवले, उलटे, आणि तिच्याकडे बघत राहिला. मास्तरणीने पिशवी उचलली होती ती पुन्हा खाली ठेवली.

बाईने चष्मा लावला. उजवा बूट दिव्याखाली धरला, फिरवला, बाजूला ठेवला. डावा जरा जास्त वेळ बघितला. चवड्यावरची रेघ गेली होती. टाचेवरची अर्धी शिल्लक होती, बाहेरच्या अंगाला, पिवळी.

‘‘उजवा खरं बोलतोय,’’ ती नवऱ्याला म्हणाली. ‘‘डाव्याची टाच अजून लबाड आहे. उद्या परत या, तिची साक्ष राहिलीय.’’